डिस्कबरोबरची चिठ्ठी

गोचा,
मुर्मानच्या मिनीबसमधून डिस्क पाठवतेय.
लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेली,
अक्रोडांच्या पिशवीत, तळाशी.
त्याला सांगितलंय, नुसते अक्रोड आहेत.
खरं सांगितलं असतं तर त्याने ती
पुढच्या काचेशी ठेवली असती, संतांच्या तसबिरीशेजारी,
तिबिलिसी ते बटुमी, सहा तास उन्हात.

पोचली की आधी कॉपी कर.
मग दुसरी कॉपी कर.
मग अक्रोड खा.

आता ऐक.
प्रोजेक्टची फाइल अवघी अकरा एमबीची आहे.
तिच्यात चित्रपट नाही.
नुसते पत्ते आहेत:
कोणता शॉट कुठल्या फोल्डरात राहतो,
कितव्या सेकंदाला दार उघडायचं,
कितव्याला ओढून घ्यायचं.
तू मेलवर तेवढीच फाइल मागत होतास.
म्हणजे राहायला घर मागावं
आणि कुणी दारावरची पाटी हातात द्यावी.

माझ्याकडे ही डिस्क 'ई' होती.
तुझ्याकडे 'एफ' होईल, नाहीतर 'जी',
तुझ्या त्या डबड्याला सुचेल ते.
तेवढ्या एका अक्षरापायी
सगळ्या टाइमलाइनवर लाल पडदे पडतील:
मीडिया सापडत नाही.
घाबरू नकोस. सगळे असतात तिथेच,
हाक मारायचं नाव तेवढं बदललेलं असतं.
एका शॉटला त्याचं घर दाखव,
बाकीचे त्याच्या मागोमाग आपापल्या दाराशी जातात.
बहुतेक जातात.

फोल्डर लावण्यात तीन रात्री गेल्या.
आधीची अवस्था सांगायची लाज वाटते:
'शेवटचं', 'शेवटचं खरंच', 'शेवटचं २',
'बेसोला दाखवू नये'.
संगीत डाउनलोड्समध्ये, उपशीर्षकं डेस्कटॉपवर,
आणि त्स्काल्टुबोच्या सॅनेटोरियमचा ड्रोनशॉट
माझ्या भावाच्या लग्नात. का, ते विचारू नकोस.
आता कसं, विंचवाचं बिऱ्हाड:
सगळं एका पाठीवर. नांगीसकट.

एकच राहिलं.
शॉट दोनशे सतरा. वालिको, खिडकीत.
आठवतं ना, सॅनेटोरियमचा तिसरा मजला,
संगमरवरी खांबांना बांधलेली दोरी,
तिच्यावर त्याची एक पँट,
आणि तो कॅमेऱ्याकडे न बघता
सोखुमीतला पत्ता सांगत जातो:
गल्ली, घर नंबर, फाटकाचा रंग,
कुत्रा बांधलेला आहे, भिऊ नका हेसुद्धा.
जणू टॅक्सी खाली थांबलीय.
तीस वर्षं झाली त्याला ते घर सोडून.

ती फाइल कुठेच नाही.
जुन्या मशीनवर नाही, कार्डांवर नाही,
बेसोच्या लॅपटॉपवर तर काहीच नसतं.
टाइमलाइनवर तिची जागा आहे, बेचाळीस सेकंद,
नीट कापलेली,
दोन्हीकडे श्वासापुरती मोकळीक ठेवून.
आवाज मात्र आहे. वेगळ्या रेकॉर्डरवर होता,
म्हणून वाचला.

काल रात्री प्ले केलं.
सबंध पडदा लाल,
आणि त्या लालातून वालिको
न चुकता पत्ता सांगतोय.

बेसो म्हणाला, दुसरं काहीतरी लाव तिथे,
समुद्र वगैरे.
लावला. मग काढला.
मशीनला काय,
घर हरवलं काय आणि घराचं नाव बदललं काय,
ते दोन्हीकडे एकच लाल लावतं.
शोधायला कुणीतरी उठावं लागतं.

तर तू ऊठ. मागच्या शरदातल्या डिस्क
तू आईच्या शिवणयंत्राच्या खणात टाकायचास, त्या बघ.
नावाने शोधू नकोस, नाव बदललं असेल.
तारखेनेही नको,
त्या दिवशी कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं.
लांबीने शोध.
आणि सापडेपर्यंत त्या बेचाळीस सेकंदांवर
काही ठेवू नकोस. काळंसुद्धा नको.

मुर्मान सहाला पोचतो, बंदराकडच्या स्टँडवर.
मोजे परत पाठव.

ताम्ता